लुळा पडलेला डावा गाल
फुग्याच्या रबराचा वास आला की मला लुळा पडलेला माझा डावा गाल आठवतो. तेव्हा खराडीच्या ऑफिसात साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मॅडम, बऱ्या होईपर्यंत ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंदच ठेवा, क्लायंट घाबरतील." सगळे हसले. मला तर खोटं हसताही येईना. संध्याकाळी फिजिओथेरपीच्या बाई आरशासमोर फुगा फुगवायला लावायच्या आणि हवा डाव्या कोपऱ्यातून फुस्सकन निसटायची. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, कुणावर तरी मनापासून चिडा की!" मी साहेबांना आठवलं आणि निपचित पडलेली भुवई चक्क हलली. मग रोज त्यांनाच आठवायचे. परवा साहेबांना कंपनीने काढलं. निरोपाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये त्यांचा आवाज कापत होता. मी मुद्दाम कॅमेरा सुरू केला आणि हसले, दोन्ही गालांनी.