गुरुवारी सोडलेले मासे

माझ्या भावाच्या सुट्टीचा वार गुरुवार पडला, तिथून हे सगळं सुरू झालं. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. जवळच्या कोळारला एका कारखान्यात तो मशीनवर असतो. तिथं सुट्टीचे वार वेगवेगळे वाटून देतात. रविवार कुणाच्या तरी नशिबात, अण्णाच्या नशिबात गुरुवार. दुसऱ्या घरात याचं काही बिघडलं नसतं. आमच्या घरात गुरुवार दत्ताचा. त्या दिवशी मायचा उपास, चुलीवर मासा नाही, अंडं नाही, कांदासुद्धा नाही. आणि अण्णाला आयुष्यात नाद एकच, गळ टाकून पाण्याकडं बघत बसायचं.

माणसानं नाद तरी सोडावा, नाही तर वार तरी पाळावा. अण्णानं मधली वाट काढली. मायला म्हणाला, "धरतो आन् सोडतो. मारत न्हाई, खात न्हाई. मग तर चालतंय का?" मायनं स्वतः मासे खाणं गाणगापूरला एकदा सोडलं ते कायमचं, पण रविवारी आम्हाला मात्र करून घालायची. ती म्हणाली, "जीव जायचा न्हाई ना? मग धर बाबा." दत्ताला चुकवायची इतकी सोपी वाट सापडल्यावर अण्णा कशाला मागं हटतोय!

पुढं पुढं तर मायला त्याचा अभिमानच वाटायला लागला. संध्याकाळी तो आला की दिव्यापुढं बसल्या बसल्या विचारायची, "किती सोडलास?" हा म्हणायचा, "सात." मग ती हात जोडून म्हणायची, "सात जीव वाचले." मी चुलीपाशी बसून ओरडायचे, "आगं, धरलेच नसते तर वाचलेलेच होते की!" मी काही बोललेच नाही असा चेहरा दोघंही करायचे.

मी माहेरीच असते आणि आमचं रान मी बघते. का असते, तो इथला विषय नाही. रान धरणाच्या पाण्याला लागून आहे. अण्णा गळ टाकतो ती जागा आमच्याच बांधाखाली, बाभळीच्या बुडाशी. शुक्रवारी सकाळी तो कारखान्यात असतो आणि मी तुरीत. त्यामुळं शुक्रवार त्यानं कधी बघितलाच नाही. तो माझ्या वाट्याला यायचा. काठाला पोटं वर करून पडलेले रोहू, चिलापी. कुणाचा जबडा फाटलेला, कुणाच्या कल्ल्यातून लाल काहीतरी लोंबतंय. कावळे आधी डोळे काढतात. एकदा तीन होते, एकदा पाच. मी खोऱ्यानं खड्डा काढून ते पुरायचे आणि पुरताना अण्णाला मनातल्या मनात लाखोली वाहायचे.

त्याला सांगितलं तर म्हणाला, "ते दुसरे आसतील. माझे मी बघितलोय, हातातून सळकन गेले." सळकन जातात हे खरंच आहे. बैलानं ढुसणी दिलेला माणूसही उठून दोन पावलं पळतोच.

मायला शुक्रवारचं सांगावं असं दर आठवड्याला मनात यायचं. पण मध्ये एक गोष्ट घडली. अण्णाच्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाची दोन बोटं गेली. तेव्हापासून मायनं मनाशी धरलं की आपल्या लेकाचे हात शाबूत आहेत ते त्या सोडलेल्या जिवांच्या पुण्याईनं. कारखान्याची बस सकाळी गेली की ती निवांत असायची, पूर्वीसारखी दिवसभर दाराकडं बघत बसायची नाही. आता तिला जाऊन काय सांगू, की तुझ्या लेकाच्या हातांची राखण करणारे मासे मी काल बांधाखाली पुरले? मी गप्प बसले. गप्प बसायचं म्हणजे राग कुठं तरी काढावा लागतो, तो मी गळांवर काढला.

गळाच्या टोकाच्या जरा आत एक उलटा काटा असतो. आत जाताना तो निमूट जातो, बाहेर येताना मांस फाडून येतो. तो असतोच त्यासाठी. ज्याला मासा घरी न्यायचाय त्याला तो हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. रविवारचा रस्सा मीही बोटं चाटून खाल्लाय. पण ज्याला सोडायचाय त्याला कशाला? अण्णाच्याच अंगठ्यात एकदा गळ घुसला होता. डॉक्टरनं तो मागं न ओढता पुढं ढकलला, टोक पलीकडून बाहेर काढलं, काटा कापला आणि मग उरलेला मागं घेतला. दवाखान्यात अण्णाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. माशासाठी कुठला डॉक्टर बसलाय पाण्यात!

फोनवर मी एका गळवाल्याचा व्हिडिओ बघितला होता. तो पकडीनं तो काटा चेपून सपाट करायचा. एका बुधवारी मी अण्णाचा डबा काढला आणि होते नव्हते तेवढे गळ चेपून ठेवले. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं डबाच लपवला असता.

दुसऱ्या दिवशी तो दुपारीच परत आला. डबा माझ्यापुढं आपटला. "चार सुटले. एक मरळ तर माझ्या हाताएवढी. वर आली, डोकं झटकली आन् गेली. हे तूच केलीस न्हवं?"

"मीच केले. कामून, सोडायलाच धरायलास ना? ते आपले आपण सुटले, तुझं काम वाचलं."

"तुला गळातलं काय कळतंय गे? दोर जरा ढिला पडला की मासा गेला. सारखं ताणून धरावं लागतंय. गांडूळ टिकत न्हाई, फेकला की निम्मं पाण्यात. हप्त्यातून एक दिस मिळतो मला. मासा हातात यायच्या आदीच जाणार आसल तर तिथं बसून भजन करू का?"

"मासा जिता राहिला म्हंजे झालं की."

"मी सोडणं आन् त्यानं सुटणं एक हाय व्हय?"

इथं माझं डोकं फिरलं. म्हणजे मासा जगावा हे याच्या मनात नव्हतंच. तो अण्णाच्या हातून जगायला पाहिजे होता! पाण्यात आपोआप जगतो त्याचं पुण्य कुणाच्या खात्यावर?

त्याचं सगळंच चूक होतं असं नाही, हे तेव्हाही मला कळत होतं. सपाट गळावरून मासे जास्त निसटतात, आमिष घसरतं, मन लावून बसावं लागतं. आणि सपाट गळही टोचतोच, खोल गिळला तर तोही जीव घेतो. पण खोल गिळायच्या आत ओढायचा तर अण्णानं बिडी विझवून दोराकडं बघायला हवं होतं. ते त्याच्यानं कधी व्हायचं? ताणून धरायचा कंटाळा याला, आणि फाटलेला जबडा त्या मुक्या जनावराचा.

त्यानं मी चेपलेले सगळे गळ उकिरड्यावर फेकले. चार दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. मग मी चिटगुप्प्याच्या बाजारात बियाणं आणायला गेले. त्याच दुकानात गळांच्या पुड्या टांगलेल्या असतात. मी दुकानदाराला म्हणाले, "आत गेला की भायेर येऊ नये आसा द्या." घरी येऊन ती पुडी अण्णाच्या अंगावर फेकली. "घे. मार आता मन भरून." वाटलं, लाजेल. त्यानं पुडी फोडली, एक गळ बोटावर टेकवून बघितला आणि म्हणाला, "लई भारी आणलीस गे!" आणि आमचं भांडण मिटलं. अशा माणसाशी भांडण करून तरी काय उपयोग?

मार्गशीर्ष आला. दर वर्षी त्या महिन्यात माय गाणगापूरला जायची, संगमावर माशांना चुरमुरे घालायची. या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. गुरुवारी सकाळी तिनं चुरमुऱ्याची पिशवी काखेत मारली आणि अण्णाला म्हणाली, "चल. आज आपल्याच पाण्यावर येते. एक जीव माझ्या हातानं सोडते."

मी अण्णाला परसात गाठलं. "आजच्यापुरता तरी काटा चेप. पकड आणून देते."

"येडी हाईस का? आज सुटून चालंल व्हय? माय बघायलीय."

त्याच्या डब्यात मी आणलेलीच पुडी होती. मी अडून बसायला हवं होतं, मायला तिथंच सांगायला हवं होतं. मी नुसती त्यांच्या मागं चालत गेले.

मासा लवकर लागला. वीतभर लांबीचा रोहू. माय पदर खोचून काठावर बसली, तळवे पाण्यात भिजवले आणि ओंजळ पुढं धरली. कोरड्या हातांनी माशाला धरू नये, हे तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. गळ घशात गेला होता. अण्णानं पकड घातली, पिळलं, पुन्हा घातली. "थांब माय, निघायलाय." मासा आधी फडफडत होता, मग नुसतं तोंड उघडत होता. शेवटी गळ निघाला तो एकटा निघाला नाही. अण्णानं मासा घाईघाईनं मायच्या ओंजळीत दिला. तिच्या मनगटावरून रक्त कोपरापर्यंत आलं.

तिनं ओंजळ पाण्यात सोडली. "जा बाबा." मासा एका कुशीवर झाला. तिनं त्याला बोटानं सरळ केलं, तो परत आडवा झाला. तिनं त्याच्या तोंडाशी चार चुरमुरे टाकले. ते तरंगत लांब गेले.

"पोहत न्हाई की रं हा."

"दम खायलाय माय. जाईल."

ती बसून राहिली, आम्ही दोघं मागं उभे. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "समदे आसंच सोडलास?"

"न्हाई माय. बाकीचे जातेत."

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "तुझं रान इथंच हाय. तू शुक्रवारी येतीस."

"व्हय," मी म्हणाले.

"मग?"

मी तुरीकडं बघत राहिले. अण्णावर इतके दिवस दात-ओठ खाल्ले, पण माय ज्याच्या भरवशावर निवांत बसत होती ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तो खोटेपणा मीही सांभाळला होता. वर गळही मीच आणला होता. त्या घडीला मला तिघांचाही राग आला, तिचाही. इतकं भोळं कामून असावं माणसानं?

मायनं मासा चुरमुऱ्याच्या पिशवीत घातला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. अण्णा म्हणाला, "कशाला घेतीस ते? टाक की." ती घराकडं चालायला लागली.

घरी आल्यावर तिनं देवघराचं दार ओढून घेतलं. अंगणातल्या चुलीवर हळद, तिखट, चिंच घालून तो मासा शिजवला. गुरुवारी, मार्गशीर्षात, स्वतःच्या उपासात. दोन ताटं वाढली, भाकरी मोडून ठेवली. अण्णा म्हणाला, "माय, आज वार कोणता हाय?"

"मारलाव ना? मग खावा," ती म्हणाली. "टाकून देऊ नगा."

आम्ही खाल्लं. ती समोर बसून होती. ताटं रिकामी होईपर्यंत कुणालाच उठू दिलं नाही. मग तिनं दोन्ही ताटं एकात एक घातली आणि म्हणाली, "पुढल्या गुरवारी जायचं आसल तर आदल्या दिशी सांगा. मसाला वाटून ठेवते."