सव्वाआठची बासरी

केनवडच्या संघपालनं मला दोन वर्षं बनवलं, आणि आता मी त्याच्याबद्दल चांगलं लिहायला बसलो आहे. माझा स्वभाव तसा चांगलं लिहिण्याचा नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. एकवीस वर्षं कोणती गाडी किती उशिरा आली एवढंच लिहिलं.

संघपाल दिवसा मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. पूर्वी तो वरातीत डीजे वाजवायचा. दोन वर्षांपूर्वी रिसोड रस्त्यावरच्या जगदेव शेठनं आपल्या गार्डन हॉटेलात फरशी टाकली, तिला डान्स फ्लोअर म्हणायला सुरुवात केली, आणि संघपालला दर शनिवारी सात ते दहा तिथं बसवलं. तीच जागा, तेच टेबल, समोर तीच माणसं. मी त्याला एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत काय रे?"

"काका, वरातीत मानूस एकडाव भेटते," तो म्हणाला. "इथं दर शनवारी भेटते. मंग समजते कोनाले काय पायजे."

मला हे उत्तर जरा आगाऊ वाटलं होतं.

आमचा शनिवार ठरलेला. मी, बायको विमल, मुलगा नवीन आणि सून सुकेशनी सात वाजता पोचायचो. पुढच्या खुर्च्यांवर मी, फुलसिंग आणि आमच्या वयाचे सहा-सात जण बसायचो. बाया मागे. सव्वाआठला संघपाल बासरीची एक संथ धून लावायचा आणि मला कडकडून भूक लागायची. मला वाटायचं, नोकरीतली वेळेची शिस्त पोटातही उतरली. आम्ही पुरुष उठून चुलीजवळच्या खोलीत जायचो, कारण हॉटेलातल्या स्वयंपाकवाल्या रामीबाईची भाकर लॉनवर येईपर्यंत गार होते. बाया म्हणायच्या, तुम्ही व्हा पुढे, आम्ही लेकरांचं पाहून येतो. आम्ही ठेच्याशी भाकर खायचो. बाहेर जोराची गाणी सुरू व्हायची. फुलसिंग दर वेळी म्हणायचा, "बाहेर पोरं लय नाचून राह्यली." पंचवीस मिनिटांनी परत यावं तर बाया पदर सावरून जागेवर.

लॉनला दोन वर्षं झाली तेव्हा जगदेव शेठला मोठं होण्याची हुक्की आली. त्यानं पुण्याहून डीजे बोलावला. संघपालला सांगितलं, "या शनवारी सुट्टी घे. हे जमलं तं दर शनवारी नवा मानूस आनतो." संघपाल त्या दिवशी गिऱ्हाईक होऊन आला आणि फाटकाजवळच्या टेबलावर एकटा बसला.

पुण्याच्या माणसात खोट काढायला जागा नव्हती. धूर होता, दिवे होते, छातीत धडकणारा आवाज होता. सव्वाआठ झाले. मला भूक लागली, पण चुलीकडून भाकरीचा वास आला नाही. पावणेनऊला मी तावातावानं चुलीजवळ गेलो. रामीबाई पिठाच्या परातीपुढे हात बांधून बसली होती.

"भाकर काहून नाही टाकली?"

"बासरी कुठं वाजली? बासरी वाजल्याबिगर तवा ठेवू नको, असं संघपालनं सांगतलं होतं."

"बासरीचा अन् भाकरीचा काय संबंध?"

"तुमी आत आल्याबिगर बाया कशा नाचतीन?"

"कोनत्या बाया?"

"तुमची विमलबाई," ती म्हणाली. "अन् सूनबाई. सुकेशनीसारखं तं कोनीच नाही नाचत."

मी बाहेर आलो. धुरात चार पोरं उड्या मारत होती. बाया रांगेत ताठ बसल्या होत्या. सुकेशनीचा एक पाय टेबलाखाली ठेका धरत होता. मला पाहताच तो थांबला. तो पाय थांबला ते मला फार लागलं. तरीही मी आधी संघपालकडे गेलो आणि भांडलोच.

"दोन वर्षं मले बनवून राह्यला तू?"

"भाकर तं गरम भेटली ना, काका?" तो शांतपणे म्हणाला. "त्यायले पंचवीस मिनिटं पायजे होते. तुमाले उठा म्हनाची कोनाची हिंमत?"

घरी मी विमलला म्हटलं, माझ्यासमोर नाचलीस तर मी काय खाऊन टाकीन? ती म्हणाली, "तुमच्या परवानगीनं नाचाचं? मंग ते काय नाचनं झालं?" आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. ती नाचते हे मला रामीबाईकडून कळलं, याची मला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जगदेव शेठनं मला गाठलं. सर्वांत जुनं गिऱ्हाईक मी. "कसा वाटला पुन्याचा डीजे? ठेवू का?" माझ्या एका शब्दावर संघपालचा शनिवार जाणार होता.

"भाकर नाही भेटली," मी म्हटलं.

पुढच्या शनिवारी संघपाल आपल्या टेबलामागे होता. सव्वाआठ झाले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला. आता मला सगळं माहीत होतं, त्यामुळे बासरी लावायची त्याची छाती होईना. आठ सतरा झाले. विमल माझ्या पाठीकडे पाहत असणार, हे मला न वळता कळत होतं.

मला भूक नव्हती. संध्याकाळीच पोटभर पोहे झाले होते.

"चाल फुलसिंग," मी मोठ्यानं म्हणालो, "पोटात कावळे ओरडून राह्यले." मी उठलो, तसे बाकीचेही उठले. दारापर्यंत पोचलो तेव्हा पाठीमागे बासरी सुरू झाली.

रामीबाईनं माझ्या ताटात भाकर टाकली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. बाहेर गाणी वाढली. कोणीतरी खळखळून हसलं. ते हसू विमलचं होतं.

"बाहेर पोरं लय नाचून राह्यली," फुलसिंग म्हणाला.

"हो," मी म्हणालो, "पोरंच आहेत." आणि अजून एक भाकर मागितली.