खरवडलेली नावं

हे मी आजवर कुणालाही – ऐकू जाईल असं – सांगितलेलं नाही.

बायकोला नाही, देवापुढे नाही. देवापुढे तर मुद्दामच नाही. त्याला आधीच माहीत असेल या धास्तीनं मी हात जोडतो आणि लगेच डोळे उघडतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि तरी थोडा वेळ देताय. त्याबद्दल आभार. परक्या गावात जन्म गेलेल्या माणसाला आभार मानायची सवय लागते. पुढचं वाचून तुम्ही उठून गेलात तरी ते मी परत घेणार नाही.

कुठून सुरू करू? नाक्यापासून केलं तर लवकर संपेल. पण ते नाक्यावर सुरू झालेलं नाही – म्हणून आधीचं सांगतो.

मी खटावकडचा. आठवीत शाळा सुटली. सुटली म्हणतो, खरं तर मी सोडली – इंग्रजीच्या तासाला उभं राहून वाचायला लागायचं, ते टाळायला. मामा एअर फोर्समध्ये होता, तो चंदीगडला घेऊन आला. मग त्याची बदली आसामला झाली आणि मी मागं राहिलो. चंदीगडला लागूनच असलेल्या मनीमाजऱ्यात टेपरेकॉर्डर दुरुस्तीच्या दुकानात हात काळे करायचो आणि हरजीतच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत झोपायचो. त्याच्या आईला सगळे बीजी म्हणायचे. पहिल्या दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन दारात उभा, तर नाव नाही, गाव नाही, बाईंनी एवढंच विचारलं – ‘रोटी खाधी, पुत्तर?’ जेवलास का, बाळा. त्या प्रश्नाला मी पुढं कितीतरी वर्षं ‘हांजी’ म्हणत आलो. पोट भरलेलं असताना, नसताना, आणि तोंड दाखवायची लाज वाटत असतानाही.

हरजीत युनिव्हर्सिटीत होता. उंच, निळी पगडी, बोलता बोलता बोटांनी टेबलावर ठेका धरायचा. त्याचा चुलतभाऊ इंग्लंडहून रेकॉर्ड आणायचा – अमेरिकेतल्या काळ्या गायकांची गाणी, सोल म्हणतात त्याला. मला शब्द कळायचे नाहीत. पण तो आवाज – कीर्तनात बुवा रंगात आल्यावर गळा भरून येतो ना, तसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी पाना हातात धरून तसाच बसून राहिलो. हरजीत म्हणाला, ‘रो रहा है क्या, मराठे?’ मी म्हटलं, सोल्डरिंगचा धूर गेला डोळ्यात.

मी, हरजीत आणि बिट्टू. बिट्टूकडे मॅटाडोर व्हॅन होती, बोलायला जीभ होती. आम्ही तिघं मिळून पार्ट्यांना गाणी लावायचो. सोल, डिस्को, भांगडा, अरबी काहीतरी, आफ्रिकेतलं काहीतरी – जे पायाला कळेल ते. नाव ठेवलं होतं ‘तीन बजे’. कारण त्या वर्षांत पंजाब पेटलेला होता, सगळं दुपारीच असायचं. अंधार पडला की शहर मिटायचं. लग्नं दुपारी, वाढदिवस दुपारी, हॉस्टेलांचे कार्यक्रम दुपारी. दारं-खिडक्यांना जाड रजया टांगायच्या, खोलीत रात्र करायची आणि नाचायचं. पाच-साडेपाचला रजई बाजूला केली की घामेजलेले चेहरे उन्हात डोळे मिचकावायचे आणि लगेच घड्याळ बघायचे. घरी पोचायचं असायचं. एका बाजूनं नाचगाणी बंद करा म्हणून अतिरेक्यांची पत्रकं यायची, दुसऱ्या बाजूनं पोलिसांचे नाके. मधल्या दोन तासांत आम्ही.

माझं काम तारा जोडायचं आणि हरजीत मागेल ती रेकॉर्ड, मागेल ती कॅसेट हातात द्यायचं. तो कानाला हेडफोन – कायम डावा कान, उजवा लोकांसाठी मोकळा – लावून न बघता हात मागं करायचा आणि गायकाचं नाव म्हणायचा. आणि इथंच माझी गोची. नाव इंग्रजीत, मला ते वाचता यायचं नाही. अक्षरं एकेक करून लावायचो तोवर गाणं संपत यायचं. एकदा भरात आलेल्या नाचात मी चुकीची तबकडी दिली – रडकं, संथ गाणं. सगळी खोली थांबली. एक मुलगी म्हणाली, ‘कौन मर गया जी?’ हशा पिकला. हरजीतनं हात वर केला – ‘मेरी गलती, मेरी गलती.’

त्याची चूक नव्हती. मला ते तेव्हाच दिसलं होतं, की हा माणूस दुसऱ्याचं असं सहज अंगावर घेतो. हे दिसलेलं मी नंतर वापरलं का? माहीत नाही. खरंच माहीत नाही.

तर मी एक युक्ती काढली. म्हटलं, दुसऱ्या म्युझिकवाल्यांची पोरं येऊन डोकावतात, आपण काय लावतो ते बघून जातात. नावंच काढून टाकू. कोमट पाण्यात फडकं भिजवून रेकॉर्डच्या मधला कागद सोडवायचा, कॅसेटवरची अक्षरं थिनरनं पुसायची, उरलेलं ब्लेडनं खरवडायचं. आणि ओळखायला बिट्टूच्या बहिणीच्या नेलपॉलिशचे ठिपके. लाल म्हणजे उठवणारं. जांभळं म्हणजे हळवं. दोन लाल म्हणजे बसू न देणारं. दोघांना कल्पना फार आवडली. बिट्टू म्हणाला, ‘ओए, ये तो जासूस निकला!’ महिनाभर मी गच्चीवर बसून नावं खरवडत होतो. सगळी मी. हरजीतनं एका नावालाही ब्लेड लावलं नाही – त्याला जिवावर यायचं. म्हणायचा, गाणाऱ्याचं नाव पुसणं चांगलं नाही, यार. पण करू दिलं.

धंद्याचं गुपित वगैरे काही नव्हतं. मला इंग्रजी वाचता येत नाही, हे झाकायचं होतं. पहिलं खोटं ते.

आता नाका.

पिंजौरला एका कारखान्याच्या कॉलनीत कार्यक्रम होता. ऊन चांगलं होतं. कालका रोडवर वाळूची पोती, मधोमध ड्रम. रोजचंच. बिट्टू गाडीचे कागद घेऊन उतरला. पोलिसांनी मागची थैली उघडली – शंभरेक कॅसेटी, एकीवरही अक्षर नाही. तुम्हाला त्या दिवसांची कल्पना नसेल तर सांगतो – तेव्हा कॅसेट ही साधी वस्तू नव्हती. त्यातून अतिरेक्यांची भाषणं फिरायची. ती बाळगल्याबद्दल माणसं उचलली जायची.

‘इन पे नाम क्यों नहीं है?’ ठाणेदारानं विचारलं.

हरजीत हसला. त्यानं हसायला नको होतं. ‘सीक्रेट है जी,’ म्हणाला.

ठाणेदारानं थैलीत हात घालून एक कॅसेट काढली आणि गाडीच्या टेपमध्ये सरकवली. कोणती निघावी? लाल आणि जांभळा, दोन्ही ठिपके असलेली. आमच्याकडे तशी एकच होती. त्यात गाण्याआधी तो गायक नुसता बोलतो. आधी हळू, मग कळवळून, मग ओरडून. आणि समोरची गर्दी त्याला साथ देते. ठाणेदाराला काय वाटणार? एक माणूस गर्दीपुढं पेटून बोलतोय.

‘किसकी तकरीर है ये?’

‘सरजी, गाना है. अभी शुरू होगा.’

ठाणेदारानं टेप बंद केला. अजून थोडं पुढं – गायक श्वास घेतो, आणि ढोल पडतो. मला पाठ होतं. भाषा न कळताही पाठ होतं. मी गाडीतच बसलेलो, हात लांबवला असता तर बटणापर्यंत पोचला असता. मी लांबवला नाही.

हरजीतला पोत्यांच्या मागं नेलं. मग ठाणेदार माझ्याकडं आला. रागानं नाही, हे सांगायला हवं. कुणी मला मारलं नाही, धमकावलं नाही. त्यानं फक्त विचारलं – ‘और तू?’

मी म्हणालो, ‘साब, मैं महाराष्ट्र का हूँ.’ हे कुठं विचारलं होतं त्यानं? ‘मैं तो सिर्फ तार जोड़ता हूँ. कैसेट उसके हैं. नाम भी उसी ने मिटाए हैं.’

‘पक्का?’

‘पक्का, साबजी.’

अंगठ्यावर माझ्या जांभळं नेलपॉलिश होतं, त्याच सकाळी लागलेलं. मी हात पाठीमागं घेतले.

एवढंच. इतकी वर्षं जे पोटात ठेवलंय ते एवढंच आहे, लिहायला चार ओळी. नावं मीच खरवडली होती असं म्हणालो असतो तर काय झालं असतं? परगावचा, आठवी नापास पोरगा, कदाचित हसून सोडला असता. कदाचित नसता. पण मी तोही विचार केला नव्हता. मी काहीच विचार केला नव्हता. तोंडातून ते आपोआप, अगदी तयार असल्यासारखं बाहेर आलं.

हरजीतला जीपमधून नेलं. मला आणि बिट्टूला जा म्हणाले. मी मदत मागायला पळालो – सेक्टर ३२ मध्ये एक मराठी डॉक्टरबाई राहायच्या, त्यांचा रेडिओ मी दुरुस्त केला होता. त्यांचे यजमान लष्करात. बाईंच्या पायाशी बसून मी रडलो, म्हटलं, बाई, माझा भाऊ आहे तो. त्यांनी यजमानांना सांगितलं, यजमानांनी कुणाकुणाला फोन केले. काही दिवसांनी हरजीत घरी आला. पगडी नीट बांधलेली होती. डाव्या कानात कापूस.

आणि बीजींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. ‘तू ना हुंदा पुत्तर, तां मेरा मुंडा ना मुड़दा.’ तू नसतास तर माझा मुलगा परत आला नसता. गल्लीतल्या बायकांना सांगितलं, गुरुद्वाऱ्यात सांगितलं. माझ्या पोळीवर तूप वाढलं. मी खाल्लं. सांगतो ना – मी सगळं खाल्लं, आणि ‘हांजी’ म्हटलं.

मग एका दुपारी गच्चीवर हरजीत माझ्या शेजारी येऊन बसला. आधी माझ्या उजवीकडं बसला, मग उठून डावीकडं आला – चांगला कान माझ्या बाजूला करून. म्हणाला, ते एकच विचारत होते, नावं का पुसली, कुणी पुसली. ‘मैंने कहा, मैंने मिटाए. बाकी दोनों को कुछ नहीं पता. तेरा नाम नहीं आने दिया, यार. तेरा कौन है यहाँ?’

मग म्हणाला – ‘अजीब बात है, वो बोले, हमें पता है तूने ही मिटाए. फिर पूछते क्यों थे?’

मी खाली गल्लीत बघत राहिलो. आमच्या दोघांचं म्हणणं जुळलं होतं. मी त्याच्यावर ढकललेलं आणि त्यानं माझ्यासाठी अंगावर घेतलेलं – शब्दाला शब्द. तेव्हा सांगता आलं असतं. तो विचारतच होता जवळजवळ. मी म्हटलं, ‘पुलिस है, पूछती रहती है.’

त्यानंतर आम्ही एकदाच वाजवलं, बिट्टूच्या बहिणीच्या साखरपुड्यात. खिडक्यांना रजया, आत तीच खोटी रात्र. हरजीतनं सवयीनं हेडफोन डाव्या कानाला लावला. क्षणभर तसाच उभा राहिला. मग वायर तपासली, माझ्याकडं बघितलं – म्हणजे, मशीन बिघडलंय का? – आणि मग त्याचं त्यालाच आठवलं. त्यानं हेडफोन उजव्या कानाला नेला. आता लोकांचा आवाज त्याला येत नव्हता. नाचताहेत की थांबलेत, हे तो माझ्या तोंडाकडं बघून ठरवत होता. मी हसून दाखवत होतो.

पुढं तो कॅनडाला गेला, बीजींनाही घेऊन गेला. तिकडं तो ट्रक चालवतो. बीजी तिकडंच वारल्या. शेवटी शेवटी माझ्याबद्दल विचारायच्या म्हणे, मराठा जेवतो ना वेळेवर. मी मनीमाजऱ्यातच राहिलो, बायको केली, दुकान टाकलं. कॅसेटी माझ्याकडंच आहेत. ठिपके पुष्कळसे उडालेत. आता नावं कुणालाच सांगता येणार नाहीत. गाणारे कोण होते, मला तेव्हाही माहीत नव्हतं.

हरजीत अजून फोन करतो. दिवाळीला, वैशाखीला, कधी उगाच. आणि अजूनही, सवयीनं, आधी डाव्या कानाला लावतो. ‘हॅलो, मराठे?’ म्हणतो, काही ऐकू येत नाही, मग त्याच्या लक्षात येतं. ‘रुक यार, कान बदल लूँ.’

मधे थोडी जागा असते. एक श्वास घेण्याएवढी. त्या जागेत मी दर वेळी म्हणतो – ‘नाम मैंने मिटाए थे. और बोला, तूने मिटाए.’

मग तो उजव्या कानावर येतो आणि विचारतो, ‘हाँ, अब बोल, क्या कह रहा था?’

‘कुछ नहीं,’ मी म्हणतो. ‘रोटी खाधी?’