पुढचंबोला

तिसऱ्या मजल्यावरच्या प्रोग्रामरला सगळी इमारत ‘पुढचंबोला’ म्हणते. नळ गळतोय सांगा, गुडघा दुखतोय सांगा, गडी मान हलवून म्हणणार, “बरं, पुढचं बोला.” बायको चार दिवस माहेरी निघाली तेव्हाही हेच म्हणाला, असं जिन्यात ऐकायला मिळतं, खरंखोटं तिलाच ठाऊक.

डोळ्यांच्या दवाखान्यातून तपासणीची आठवण करून देणारा फोन आपोआप जायचा. तो प्रोग्राम याचाच. एके सकाळी तो मध्येच कोसळला. यादी होती, यादीत माणसं होती, पण एकाच्या फोननंबरच्या जागी काहीच नव्हतं. शून्यसुद्धा नाही; शून्य निदान आकडा तरी असतो. नसलेल्या नंबराला हात घातल्यावर प्रोग्राम तोंडावर आपटणारच. त्यामागचे सगळे पेशंट फोनाविना राहिले. काउंटरवरच्या बाईंनी त्याला असं फैलावर घेतलं, की त्याने घाईघाईत एक ओळ घातली: जागा रिकामी असेल तर सोड, पुढच्याकडे जा. कोसळणं थांबलं. हा कॉलर ताठ करून घरी आला. कोण सुटलं ते काही त्याने पाहिलं नाही.

सुटली होती त्याची आत्या, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, त्याला लहानाचं मोठं करणारी. तिच्याकडे फोन नव्हता. काचबिंदू निघाला तेव्हा फॉर्म यानेच भरला होता. नंबराची जागा मोकळी ठेवून म्हणाला होता, “माझा टाकतो नंतर.”

वर्षभराने आत्या पेल्याच्या बाजूला पाणी ओतायला लागली. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला; वेळेवर आला असतात तर वाचला असता.

“आत्या, मला सांगायचं नाहीस?”

“सांगितलं की रे. डावीकडचं अंधुक दिसतंय म्हटलं.”

“मग?”

“मग काय, तू म्हणालास, पुढचं बोल.”

दुसऱ्या दिवशी त्याने ती ओळ काढली. आता रिकाम्या जागांची वेगळी यादी पत्त्यांसकट छापून निघते आणि दर शनिवारी हा स्वतः त्या पेशंटांची दारं ठोठावतो. आत्याच्या नावापुढे त्याचा नंबर आहे.

परवा तो तिच्याकडे बसलेला असताना फोन वाजला.

“कुणाचा रे?”

“दवाखान्याचा. तुझ्या उजव्या डोळ्याची तपासणी आहे, सोमवारी.”

“बरं,” आत्या म्हणाली, “पुढचं बोल.”