ज्ञानूची डोंगरांची कार्डं

ज्ञानू गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुंडलच्या बाजारात वांगी निवडत होतो. फोनवर त्याचा मुलगा होता. "काका, आण्णा गेलं..." एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. हातातलं वांगं पुन्हा ढिगात ठेवलं आणि भाजीवाल्या बाईला उगाचच "नंतर येतो" म्हणून सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. एवढ्या जुन्या मित्रावर चार बरे शब्द लिहायचे म्हणून मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो, कारण मध्येच असं काही कळलं की त्यानंतर ज्ञानूचं कौतुक करायला मला तोंड उरलेलं नाही. तरी लिहितो. दुसरं काही करण्यासारखं राहिलेलंही नाही.

आमची ओळख कडेगावच्या शाळेतली. ज्ञानू मूळचा इकडचा नव्हे. साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरातल्या एका खोऱ्यात त्याची वाडी होती. धरण झालं, वाडी पाण्याखाली गेली, आणि सहा वर्षांचा ज्ञानू आईबापांच्या मागोमाग कडेगावच्या माळावर येऊन पडला. तिकडे भातखाचरं आणि चार-चार महिने न थांबणारा पाऊस, इकडे कुसळं. वर्गातली पोरं त्याला 'बुडक्या' म्हणून चिडवायची. तो चिडायचा नाही. "बुडालोय खरा," म्हणायचा आणि डबा उघडायचा. पुढे मी चित्रकलेचा मास्तर झालो आणि तो पलटणीत गेला. सुट्टीवर आला की आधी माझ्याकडे यायचा आणि ट्रंकेतून चहा, काजू, रम असलं काही काढायच्या आधी कार्डं काढायचा.

कार्डं म्हणजे डोंगरांची चित्रं छापलेली पोस्टकार्डं. त्याचा शब्द 'व्ह्यूकार्ड'. जिथे बदली होईल तिथल्या डोंगरांची कार्डं तो घ्यायचा, पण त्यावर कधी कुणाला पत्र लिहायचा नाही. हवालदार म्हणून निवृत्त होऊन घरी आला तसा हा नाद जुन्या कार्डांवर गेला. सातारा, सांगली, पाचगणी... रद्दीवाले त्याला नावानं ओळखायचे. कडा पिवळ्या पडलेली, मागे कुणी कुणाला सुखरूप पोचल्याचं कळवलेली शंभर वर्षांपूर्वीची कार्डं तो पिठाच्या डब्यात ठेवायचा, कारण घरात तेवढ्याच डब्याचं झाकण घट्ट बसतं असं त्याचं म्हणणं. पाचगणीच्या एका रद्दीवाल्याकडे त्याला अमेरिकेतल्या कुठल्याशा डोंगराळ मुलखाची आठ-दहा कार्डं मिळाली होती. ओंडक्यांची घरं, उतारावर मका, दारात एप्रन घातलेली म्हातारी. ती तो तास-तास बघत बसायचा. "मास्तर, ही मानसं बी आपल्यावानीच रं. घराम्होरं उभी ऱ्हात्यात आन् फोटूवाल्याकडं अशी बघत्यात, जनू त्यो काय तरी घिऊन जानार हाय."

मी त्याची थट्टा करायचो. लोक म्हातारपणी देव गोळा करतात, हा डोंगर गोळा करतो. एकदा मात्र त्यानं खरं काय ते सांगितलं. "बाचा फोटू हाय माज्याकडं, आईचा हाय. घराचा न्हाई. एवडी कार्डं छापली लोकांनी, येकात तरी आमची वाडी घावंल का न्हाई? मरायच्या आदी येकडाव घर बगायचंय गड्या." मी म्हणालो, घावंल.

आणि गेल्या दिवाळीनंतर खरंच एक घावलं. साताऱ्यातून आणलेलं. समोर भातकापणी करणाऱ्या बायकांची रांग, मागे नदी, नदीच्या पलीकडे पाच-सहा घरं आणि वर डोंगर. खाली इंग्रजीत नुसतं 'पश्चिम घाटातील एक देखावा'. ज्ञानूचं छातीचं दुखणं तेव्हा बळावलेलं होतं, डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलेलं, पण तो ऐकेना. माझ्या जावयाची गाडी काढून आम्ही धरणाच्या पाण्यावर गेलो. वाडी पाण्याखाली असली तरी वरचा डोंगर काही बुडालेला नाही. डोंगराशी कार्ड ताडून बघायचं, एवढा साधा हिशेब. काठावर उभं राहून त्यानं कार्ड समोर धरलं आणि म्हणाला, "ह्योच. मास्तर, ह्योच रं."

मी बघितलं. बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा समोर उजवीकडे, खिंड डावीकडे. कार्डात वशिंड डावीकडे आणि खिंड उजवीकडे. मी म्हणालो, "ज्ञानू, हा नव्हे. डोंगर काय कूस बदलतो का?" तो म्हणाला, पल्याडनं काढला असंल फोटू. मी त्याला समजावलं, की पल्याड सगळा कडाच आहे, तिथून ना नदी दिसेल ना भात. तीस वर्षं पोरांना बघायला शिकवलेला माणूस मी. चांगला पाच मिनिटं बोललो. तो ऐकत राहिला. मग कार्ड खिशात घालत म्हणाला, "तू म्हनतूयास म्हंजी नसंल." त्यानंतर तो कुठल्या रद्दीवाल्याकडे गेला नाही. मला वाटलं, तब्येतीमुळे असेल. खरं तर मला जे वाटून घ्यायचं होतं, तेच वाटलं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी पारूवहिनींनी, म्हणजे ज्ञानूच्या बायकोनं, निरोप पाठवून बोलावलं. पिठाचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आवं भावजी, ह्ये तुमीच न्या. पोरास्नी काय कळनार ह्यातलं." मी डबा उघडला. ते कार्ड सगळ्यात वर होतं. काही बोलावं म्हणून मी ते त्यांच्या हातात दिलं, सांगितलं, हे आपलं गाव म्हणून आणलं होतं त्यानं, पण ते नव्हतं. वहिनींनी डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. डोंगराकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांच्या आणि आपल्या रानात कापणी केलेली बाई. म्हणाल्या, "ह्या बाया समद्याच्या समद्या डावऱ्या कशा वं? कुनाच्याच उजव्या हातात इळा न्हाई. आन् पदर बी उजव्या खांद्यावर."

जुन्या काळी फोटो काचेवर निघायचे. छापताना काच उलटी पडली की डाव्याचं उजवं होतं, अक्षरं वेगळी छापली जात म्हणून ती तेवढी सुलट राहतात. हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर काढून शिकवलं होतं. कार्ड त्यांच्या हातून घेऊन मी कपाटाच्या आरशासमोर धरलं. माझ्या फोनमध्ये त्या दिवशी काठावर, मागे डोंगर येईल असा काढलेला ज्ञानूचा फोटो होता, तो शेजारी धरला. वशिंड उजवीकडे. खिंड डावीकडे. खाली उतरलेली डोंगराची सोंडसुद्धा जिथल्या तिथे... आम्ही दोन शहाणे पुरुष डोंगरच बघत बसलो. समोरच्या पाच बायकांकडे एकानंही बघितलं नाही, आणि घरातल्या बाईला तर कुणी कार्ड दाखवलंच नव्हतं.

सांगावं की नाही याचा विचार करायला वेळच मिळाला नाही. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "म्हंजी ह्येच हाय व्हय?" मी मान हलवली. मला वाटलं, त्या मला बोलतील. बोलायला हवं होतं. त्या उठल्या, आरशासमोर माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. लग्न होऊन त्या माळावरच्या घरात आलेल्या, सासरचं खरं गाव त्यांनीही कधी बघितलेलं नव्हतं. मग हळूच विचारलं, "मग ह्यातलं आपलं घर कंचं?"

ज्ञानूचे आईबाप गेले, थोरली बहीण गेली, त्या वाडीची बाकीची माणसं कुठे-कुठे पांगली कुणाला ठाऊक. आणि तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी काठावर, "ह्योच रं" म्हणताना, ज्ञानूनं कार्डातल्या एका घरावर बोट ठेवलं होतं. नख टेकवून ठेवलं होतं. ते आड येत होतं म्हणून मीच त्याचं बोट बाजूला केलं, त्याला खिंड दाखवायला. बोट कुठल्या घरावर होतं, ते मी बघितलं नाही.

"ठाऊक नाही, वहिनी," मी म्हणालो.