चालते सर आणि घासासोबतची गोळी

चालते सर शाळेत खुर्चीवर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. चामोर्शीजवळच्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत. तास संपेपर्यंत आमच्या माना दुखायच्या, म्हणून आम्ही त्यांना 'चालते सर' म्हणायचो. "बसून राह्यलं का डोकं गंजते," असं म्हणायचे.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. ब्रह्मपुरीच्या कॉलेजचा फॉर्म सरांनी भिंतीला कागद टेकवून, उभ्याउभ्याच भरला आणि बाबांना म्हणाले, "भाऊ, याले बांधावर अडकवू नका." पुढे मी डायलिसिसचं काम शिकून चंद्रपूरला लागलो. तिथेच एका सकाळी सर माझ्या यंत्रासमोर येऊन उभे राहिले. रुग्ण म्हणून.

चार तास एका जागी बसणं ही त्यांना शिक्षाच होती. पाय सारखे हलायचे. सुई नसलेल्या हाताने ते पोटऱ्या खाजवत. पुरळ नाही, काही नाही, तरी खाज. शेजारच्या खुर्चीवर पोंभुर्ण्याकडच्या एक आजी असत. त्यांनी कारण विचारलं आणि गावतळ्याचं उदाहरण घेऊन सरांचा तास सुरू झाला.

"बाई, गावची बोडी घ्या. डाळ, दूध, मासोळी, साऱ्यातून फॉस्फेट आत येते. लागते तेवढं हाडं ठेवून घेते. जास्त झालं का हाडंच किडनीले निरोप धाडते, सोड म्हणून. किडनी म्हणजे बोडीचा सांडवा. माहा सांडवा बुजला. निरोप जाऊन राह्यला, पण ऐकणारा कोण? मंग ते आतच साचते अन् अंग खाजते."

"अन् हे मशीन?"

"बादलीनं उपसणं आहे हे. आठवड्यातून तीनदा."

आजी हसल्या. "मास्तर, बिमार पडले तरी शाळा सुटली नाई तुमची!"

पण दर महिन्याच्या रिपोर्टात फॉस्फेट चढतच होतं. डॉक्टरांनी बजावलं, असंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतील, एकदा पडलात की चालणं संपलं. सर घाबरले. काट्यांसकट खायची सुकी मासोळी सोडली, दूध सोडलं. तरी आकडा उतरेना. डॉक्टरांना वाटलं, सर चोरून खातात. हे सरांना फार लागलं. "चालणं गेलं त मी कायचा राह्यलो रे?" ते मला म्हणाले. मी यंत्राची बटणं पाहत राहिलो.

एकदा त्यांनी खुर्चीतच डबा खाल्ला. फॉस्फेट उतरवायच्या गोळ्यांची पट्टी खिशातच राहिली.

"सर, गोळी?"

"घरी गेल्यावर. जेवण झालं का हजार पावलं चालतो, मंगच औषध. पहिल्यापासून असंच."

मी म्हणालो, "सर, ही गोळी अन्नातलं फॉस्फेट पोटातच धरून ठेवते. घासासोबतच घ्यावी लागते. नंतर घेऊन फायदा नाही."

पाय हलायचे थांबले. "तुले माहीत होतं?"

"हो सर."

"मंग इतके महिने विचारलं काऊन नाई, का गोळी कवा घेता म्हणून?"

"तुम्हाला कसं विचारू? तुम्ही सर आहात."

"इथी मी पेशंट आहो, गधड्या!"

आजी दचकून जाग्या झाल्या. सरांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर ते दोन घास खाऊन गोळी घेत आणि मग उरलेलं जेवत. आकडा उतरला, खाज कमी झाली. यंत्राला जोडण्याआधी ते वॉर्डात फेऱ्या घालू लागले, सिस्टर ओरडेपर्यंत. पण पुढच्या उन्हाळ्यात सरांचं हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांत चुना साचून त्या कडक झाल्या होत्या, हे वर्षानुवर्षांचं असतं. त्यात माझ्या गप्प राहण्याचे महिने किती, हे मी त्यांना विचारलं. ते फाइल मिटून पुढच्या रुग्णाकडे वळले.

आता नवीन रुग्ण आला की मला चैन पडत नाही. काय जेवलात, गोळी ताटाशी ठेवता की कपाटात, सगळं विचारतो. परवा वडिलांच्या वयाचे एक बाबा वैतागले. "बाबू, पोलिसावानी काऊन विचारून राह्यले?"

"रागवा बाबा," मी म्हणालो, "पण सांगा, काल कितव्या घासाला घेतली?"