माझं दुकान आणि आमचे साडू

यच्चयावत दुकानदारांवर जीव टाकणारा आणि एकाही दुकानदाराच्या उपयोगी न पडलेला माणूस अख्ख्या तंजावरात एकच, आमचे साडू. कॉलेजात ते व्यवस्थापन शिकवीत. घरातला गॅस कधी संपतो हे त्यांना कळत नसे. पण उदारीकरणाच्या नव्या वाऱ्यात छोटी दुकानं का बुडतात, यावर त्यांचा प्रबंध चालला होता. अभ्यासाला त्यांनी राजवाड्यामागचं माझं भांड्यांचं दुकान निवडलं. तेव्हाच मी काय ते ओळखायला हवं होतं. पण कसलं काय, मी उलट हुरळून गेलो!

रोज संध्याकाळी साडू कडक इस्त्रीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत आणि गिऱ्हाइकाकडे टक लावून बघत. आपल्याला कुणी बघतंय म्हटल्यावर माझ्याही अंगात आलं. एरवी बनियनवर बसणारा मी टाय लावू लागलो. तिरुवैयारूहून लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या बाईंचं मी चक्क इंग्रजीत स्वागत केलं. त्यांनी माझा टाय पाहिला, कोपऱ्यातले साडू पाहिले. "अय्यो, टॅक्सची धाड पडलीय वाटतं," असं तमिळमध्ये पुटपुटत त्या समोरच्या नव्या, काचेच्या दुकानात शिरल्या.

"प्रोफेसर, माझं चुकतंय तरी काय हो?" मी काकुळतीला येऊन विचारी.

"सांगता येत नाही, राव," साडू कळवळून म्हणत. "मी सांगितलं की तुम्ही सुधारणार. मग माझा अभ्यास बिघडला ना!"

शेवटी मी हात टेकले. दुकान त्या समोरच्यालाच विकायचं ठरवलं. तो किल्ल्या घ्यायला आला. आजोबांनी थाटलेलं दुकान; किल्ल्या धरलेला माझा हात काही पुढे होईना. तेवढ्यात कोपऱ्यातून साडू ओरडले, "देऊ नका!"

"का हो?"

साडू स्टुलावरून उठले. घामाघूम झाले बिचारे. "का ते मला ठाऊक नाही. पण नका देऊ!"

एवढ्या विद्वानाचा आयुष्यातला एकमेव सल्ला, तोही कारणाशिवाय. आणि माझ्यासारख्या गाढवानं तो ऐकला.

दुकान पुढेही रडतखडतच चाललं, पण चाललं. साडूंचा प्रबंध मात्र बारगळला. निवृत्तीनंतर ते मुलाकडे कोईमतूरला गेले. परवा त्यांचा फोन आला. "धंदा कसा आहे, राव?"

"झकास!" मी ठोकून दिलं. खरं सांगितलं असतं तर म्हातारा पहिल्या गाडीनं येऊन बसला असता.

फोन ठेवला आणि वाटलं, खरं सांगायला हवं होतं.